१:१६० चं १:३२० झालं म्हणजे आजार डबल झाला?

रिपोर्ट हातात पडला की माणूस आधी आकडा बघतो, मग शेजारची नॉर्मल रेंज आणि मग आमच्या तोंडाकडे. मी मिरजेत लॅबमध्ये काम करते. गावात दवाखाने मुबलक, त्यामुळे बेळगाव-विजापूरकडूनही पेशंट येतात, आणि एएनए ही तपासणी आमच्याकडे आता रोजचीच झाली आहे. परवा एका काकांनी मुलीचे दोन रिपोर्ट काउंटरवर शेजारी शेजारी ठेवले. जुना १:१६०, नवा १:३२०. "ताई, सहा महिन्यांत डबल झालंय हो."

डॉक्टरांना दाखवा, एवढंच काउंटरवर बोलता येतं. बाकीचं इथे लिहिते.

एएनए म्हणजे आपल्याच पेशींच्या केंद्रकाला जाऊन चिकटणाऱ्या अँटिबॉडीज. त्या आहेत का आणि किती, हे बघायला आम्ही सिरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणारं पाणी, पातळ करत जातो. आधी ८० पट, मग १६०, ३२०, ६४०. काचेच्या स्लाइडवर गोल वेल, म्हणजे छोटे कप्पे, असतात आणि त्यांत माणसाच्या पेशी आधीच चिकटवलेल्या असतात. त्यावर सिरमचा थेंब टाकायचा, अर्धा तास ठेवायचा, बफरने धुवायचं, मग कॉन्ज्युगेट, म्हणजे चिकटलेल्या अँटिबॉडीला धरणारा चमकणारा रंग, घालायचं, पुन्हा अर्धा तास, पुन्हा धुणं. नंतर अंधाऱ्या खोलीत फ्लुरोसन्स मायक्रोस्कोपखाली बघायचं. अँटिबॉडी असेल तर केंद्रक पोपटी-हिरवं चमकतं. ज्या पातळीपर्यंत चमक दिसते तो टायटर. म्हणजे १:१६० आणि १:३२० यांत अंतर एका पायरीचं. शेवटच्या वेलमधली चमक अगदी मंद असते. ती "आहे" म्हणायची की "नाही", यावर मी आणि माझी सहकारी कधीकधी चक्क वाद घालतो. एका पायरीचा फरक या तपासणीत धरतच नाहीत. काकांना जे डबल वाटलं, ते कदाचित दोन वेगळ्या दिवशीचे दोन वेगळे डोळे असतील.

जाता जाता या पेशींबद्दल. त्यांना हेप-२ म्हणतात आणि त्या घशाच्या कॅन्सरमधून घेतल्या असं पूर्वी समजत. पुढे कळलं की त्या मुळात हेला पेशी आहेत, म्हणजे १९५१ मध्ये बाल्टिमोरला वारलेल्या हेन्रिएटा लॅक्स यांच्या. सांगली-मिरजेकडच्या बायकांचं रक्त आम्ही त्या बाईंच्या पेशींवर तपासतो. स्लाइड फोकस करताना हे मला मधूनच आठवतं.

आता मुख्य गोष्ट. धडधाकट माणसांतही एएनए सापडतो. १९९७ मध्ये पंधरा लॅबनी मिळून निरोगी माणसांचं रक्त तपासलं होतं. १:४० ला सुमारे ३२ टक्के पॉझिटिव्ह, १:८० ला १३, १:१६० ला ५ आणि १:३२० लाही ३ टक्क्यांच्या आसपास. ल्यूपस म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच अवयवांवर उलटते तो आजार. त्याच्या २०१९ च्या निकषांत १:८० आहे खरा, पण तो फक्त दारातून आत घेण्यापुरता. पुढचे गुण सांध्यांचे, त्वचेचे, किडनीचे, रक्तपेशींचे. नुसत्या केस गळतीवर आणि थकव्यावर एएनए लिहून दिला जातो, तेव्हा मला त्या पेशंटची काळजी वाटते. आजाराची नव्हे, पुढे ती गूगलवर काय काय वाचत बसेल याची.

आकड्यापेक्षा मला पॅटर्न जास्त बोलका वाटतो. सेंट्रोमिअर पॅटर्नमध्ये केंद्रकात सुटे सुटे ठिपके दिसतात आणि विभागणाऱ्या पेशीत तेच ठिपके मधोमध एका पट्टीत येऊन उभे राहतात. तो दिसला की डॉक्टर हमखास विचारणार, थंडीत बोटं पांढरी-निळी पडतात का. उलट डीएफएस-७० नावाचा दाट बारीक ठिपक्यांचा पॅटर्न ठसठशीत चमकतो, टायटरही मोठा येतो आणि तोच एकटा असेल तर बहुतेक वेळा मागे काहीच निघत नाही.

मग पातळी कुठे मोजावी? ल्यूपसमध्ये अँटी-डीएसडीएनए, म्हणजे थेट डीएनएला चिकटणारी अँटिबॉडी. पुष्कळ पेशंटमध्ये तो आजाराबरोबर चढतो-उतरतो. तो वर चाललाय आणि सी३, सी४ ही रक्तातली प्रथिनं खाली, असं दिसलं की डॉक्टर लघवीतलं प्रोटीन तपासायला लावतात, कारण किडनीवर नजर ठेवायची असते. सिलिअ‍ॅकमध्ये, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेनने आतडं बिघडतं त्या आजारात, टीटीजी ही अँटिबॉडीही उपयोगी, गहू बंद केला की महिन्यांमागून महिने उतरत जातो. मात्र दोन्हींत लॅब आणि किट तेच हवं. या लॅबचे ८० आणि त्या लॅबचे २०० यांची वजाबाकी करू नये, दोघांची मापंच वेगळी.

थायरॉइडविरुद्धच्या अँटी-टीपीओ या अँटिबॉडीचं तसं नाही. आमच्या इचलकरंजीच्या वहिनी दर तीन महिन्यांनी तो करून घ्यायच्या आणि वाढला की आठवडाभर जेवण गोड लागायचं नाही. "अहो वहिनी, गोळीचा डोस टीएसएचवर ठरतो," हे सांगून मी थकले. टीएसएच म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन. टीपीओ एकदा पॉझिटिव्ह आला की त्याचं सांगून झालेलं असतं: पुढे थायरॉइड मंदावायची शक्यता जास्त. इंग्लंडमधल्या व्हिकहॅमच्या वीस वर्षांच्या पाहणीत, अँटिबॉडी असून टीएसएच नॉर्मल असलेल्या बायकांपैकी वर्षाला साधारण दोन टक्के हायपोथायरॉइड झाल्या आणि टीएसएचही वाढलेला असेल तर चार टक्क्यांहून थोड्या जास्त. वहिनींची गोळी तर चालूच होती, म्हणजे तोही प्रश्न मिटलेला.

संधिवातासाठी करतात त्या आरए फॅक्टरबद्दल थोडक्यात: वय वाढलं की, टीबीत, हिपॅटायटिस सी मध्ये तो संधिवाताशिवायही येतो आणि खऱ्या संधिवाताच्या बऱ्याच पेशंटमध्ये येतच नाही. संधिवाताचीच दुसरी अँटिबॉडी, अँटी-सीसीपी, त्या मानाने पुष्कळ भरवशाची.

तरी या अँटिबॉडीज सोडून द्यायच्याही नाहीत. अमेरिकी सैन्याकडे सैनिकांचं सिरम साठवलेलं असतं. पुढे ल्यूपस झालेल्या १३० जणांचं जुनं सिरम काढून तपासलं, तर ११५ जणांत निदानाआधीच कुठली ना कुठली अँटिबॉडी होती, काहींत नऊ वर्षं आधीपासून. हे २००३ चं काम. अडचण अशी, की अँटिबॉडी असलेल्यांपैकी नेमक्या कोणाला पुढे आजार होणार, हे टायटर सांगत नाही.

काकांच्या मुलीला डॉक्टरांनी लघवीची तपासणी, सीबीसी आणि डीएसडीएनए लिहून दिलं. तिन्ही स्वच्छ आले. सांधे सुजले, उन्हात चेहऱ्यावर लाली आली, तोंडात फोड आले किंवा पायांवर सूज दिसली तर लगेच यायचं, नाहीतर एएनए पुन्हा करायचा नाही, असं चिठ्ठीवर लिहिलंय. काकांनी ती चिठ्ठी मला दाखवली आणि लगेच विचारलं, "पण ताई, आपल्या मनाला म्हणून एकदा केला तर किती पैसे पडतील?"