एका टपाची चार नावं: लूटन ते लेक गार्डा, मोटारहोमनं

मोटारहोम भाड्यानं घ्यायला गेलो तेव्हा काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "लूटन हवं की लूटनशिवाय?" आम्ही राहतो इंग्लंडात मिल्टन कीन्सला, लूटन गाव तिथून अर्ध्या तासावर. मला वाटलं, गाडी कुठल्या डेपोतून घेणार ते विचारताहेत. मी म्हटलं, "लूटनहून चालेल." बाई हसल्या आणि गाडीच्या टपाकडे बोट दाखवलं. ड्रायव्हरच्या केबिनवर पुढे आलेला फुगवटा असतो आणि त्यात दोन माणसांचा बिछाना मावतो. त्यालाच इंग्लंडात लूटन म्हणतात.

आम्ही चौघं होतो: मी, बायको, दहा वर्षांचा मुलगा आणि पुण्याहून आलेली आई. मुलगा त्या फुगवट्यात चढला तो उतरेचना. आईनं खालूनच निकाल दिला, "अगं बाई, हा तर पोटमाळा!" पुढचे सोळा दिवस आमच्या गाडीत तेच नाव चाललं. पण बाहेर सीमा ओलांडली की नाव बदलायचं, आणि मला त्या नावांचाच नाद लागला.

लूटनचं मूळ हॅटमध्ये आहे. हे गाव गवती काडीच्या हॅटसाठी प्रसिद्ध होतं. तिथल्या फुटबॉल क्लबला आजही 'हॅटर्स' म्हणतात. हॅटचे खोके वजनाला फुलासारखे, पण जागा खातात घरभर. चाकांवर भार येत नाही, मग केबिनच्या वरची मोकळी हवा कशाला वाया घालवायची? म्हणून मालाच्या गाडीचा सांगाडा वरून पुढे काढला आणि त्याला गावाचं नाव चिकटलं. व्हॉक्सहॉल कंपनी १९०५ साली लूटनला आली, १९३१ पासून तिथं बेडफर्ड नावानं ट्रक निघू लागले. व्हॅनचा कारखाना २०२५ च्या मार्चमध्ये बंद झाला, नाव मात्र प्रत्येक टपावर फिरतंय. वेळ असेल तर निघण्याआधी लूटनच्या वॉर्डाउन हाउस संग्रहालयात हॅट बघून घ्या.

निघण्याआधीची दोन कामं. आई भारतीय पासपोर्टवर असेल तर ब्रिटनचा व्हिसा युरोपात चालत नाही, शेंगेन वेगळा काढावा लागतो. त्याची अपॉइंटमेंट मिळवण्यातच आमचे अनेक आठवडे गेले. दुसरं, ब्रेक्झिटनंतर ब्रिटनमधून युरोपीय संघात दूध आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे तूप नाही, पेढे नाहीत. आईनं तुपाची बरणी बॅगेतून काढून परत कपाटात ठेवली तेव्हाचा तिचा चेहरा अजून आठवतो. तूप पलीकडे लोणी आणून कढवलं. भाजणी आणि मेतकूट बिनदिक्कत न्या.

फोकस्टोनला समुद्राखालच्या बोगद्यातून फ्रान्सला जाणाऱ्या आगगाडीत मोटारहोम चढवायच्या आधी गॅस सिलिंडरची झडप बंद करून दाखवावी लागते, ती तपासतात. १.८५ मीटरपेक्षा उंच गाड्यांना एकमजली डबे असतात. प्रवास पस्तीस मिनिटांचा, बसायचं आपल्याच गाडीत. टपांच्या बाबतीत फोकस्टोनचंही काही कमी नाही. इथल्याच मार्टिन वॉल्टर कंपनीनं डॉर्मोबिल बनवली. झोपायची जागा आणि मोटार असे दोन शब्द जोडून केलेलं नाव. टप एका बाजूच्या बिजागरीवर उघडायचं आणि खाली पट्ट्यापट्ट्यांचं कापड ताणलं जायचं. एकेकाळी ब्रिटनमध्ये कुठल्याही कॅम्पर व्हॅनला लोक सरसकट डॉर्मोबिल म्हणत, आपण वनस्पती तुपाला डालडा म्हणायचो तसं.

फ्रान्समध्ये पहिल्याच मुक्कामाला शेजारच्या आजोबांनी आमच्या गाडीकडे बघून म्हटलं, "आ, कापुसीन!" मला वाटलं, कॉफी विचारताहेत. फार चुकलो नव्हतो. कापुसीन म्हणजे नॅस्टर्शियमचं फूल, आणि फुलाला ते नाव पडलं कापुचिन संन्याशांच्या टोकदार टोपड्यावरून. त्यांच्या कफनीच्या रंगावरून कापुचिनो. केबिनवर टोपडं ओढलेली गाडी म्हणून कापुसीन. लूटनला या फुगवट्यात हॅट भरल्या, फ्रेंचांना तो फुगवटाच टोपी दिसला!

हे टोपडं खिशाला लागतं. फ्रेंच टोलनाक्यावर गाडीची उंची मोजतात. दोन ते तीन मीटर असेल तर दुसरा वर्ग, तीन मीटर किंवा त्याहून जास्त असेल तर तिसरा आणि महाग. आमची ३.१० मीटर. दहा सेंटीमीटरसाठी फ्रान्सभर जादा पैसे मोजत गेलो. भाड्यानं घेताना पोटमाळा खरंच हवा का, याचा विचार इथं करा. तिघंच असाल तर बिनफुगवट्याची गाडी घ्या. आणि ब्रिटिश गाडीत टोलची खिडकी डाव्या बाजूला येते, म्हणजे पैसे द्यायचं काम शेजारी बसणाऱ्याचं. आई दुसऱ्या दिवशीपासून "मर्सी" म्हणू लागली.

डॅशबोर्डवर उंचीची चिठ्ठी चिकटवा, मीटर आणि फूट दोन्हींत: ३.१० मीटर, १० फूट २ इंच. ब्रिटनमधल्या पुलांवर फूट-इंच लिहिलेले असतात, पलीकडे मीटर. सुपरमार्केटच्या पार्किंगच्या तोंडाशी दोन मीटरच्या आसपास आडवी दांडी असते, ती घाईत दिसत नाही. मी एकदा अगदी वीतभर अंतरावर थांबलो. बायको तेव्हा काही बोलली नाही. संध्याकाळी बोलली.

जर्मनीत बाड वाल्डझे गावाला मोटारहोम बनवणाऱ्या हायमरचं संग्रहालय आहे, कॅराव्हॅनच्या वेड्यांनी चुकवू नये. तिथं फुगवट्याला आल्कोवेन म्हणतात. अरबी 'अल-कुब्बा', म्हणजे घुमट. तो स्पॅनिशमधून फ्रेंचमध्ये, तिथून जर्मनमध्ये गेला. त्यातला 'अल' म्हणजे अल्जिब्रातलाच. टपावरच्या खिडकीला तिथं 'दाखहाउबं' म्हणतात, म्हणजे छपराची टोपी. पुन्हा टोपीच! थालीपीठ लावताना ती उघडा, पण निघताना बंद आहे का ते स्वतः हात लावून बघा. आमची एक झाडाच्या फांदीनं उखडली. चूक माझीच, भरपाई अनामत रकमेतून गेली. टपावर बारीक, कायम उघडी राहणारी हवेची छिद्रं असतात, ब्रिटिश त्यांना मश्रूम म्हणतात. थंडी वाजते म्हणून त्यांत बोळे कोंबू नका. आत गॅस जळतो, जीव जाऊ शकतो.

ऑस्ट्रियात विग्नेट, म्हणजे महामार्गाचा पास, वेगळं आणि इटलीकडे उतरणाऱ्या ब्रेनर घाटाचा टोल वेगळा. घाट उतरलो आणि गार्डा सरोवराच्या काठी पुन्हा नाव बदललं: मान्सार्दातो. उतरत्या छपराखालच्या माडीला मान्सार्दा म्हणतात, आणि तो शब्द सतराव्या शतकातल्या फ्रान्स्वा मान्सार या फ्रेंच वास्तुविशारदावरून आलाय. म्हणजे फ्रेंचांनी इटलीत जन्मलेल्या पंथाची टोपी उचलली आणि इटालियनांनी फ्रेंच माणसाचं छप्पर. दोघांचं एकमेकांकडे ऋण आहे आणि दोघंही ते कबूल करणार नाहीत. इटलीत जुन्या गावांच्या आत झेडटीएलची, म्हणजे मर्यादित वाहतुकीच्या भागाची, पाटी दिसली की थांबा. परवानगीशिवाय आत गेलात तर कॅमेरा दंड करतो, आणि पत्र घरी यायला महिने लागतात.

तिथून न्यू जर्सीच्या मामेबहिणीला फोटो पाठवला. तिनं कळवलं, यू-हॉलच्या सामान हलवायच्या ट्रकवर याच जागेला 'मॉम्स अटिक' म्हणतात, म्हणजे आईचा माळा. आईला वाचून दाखवलं. ती वर बघून म्हणाली, "मग मी खाली का झोपतेय?"

त्या रात्री मुलगा खाली आला आणि आई शिडीनं वर गेली. पडदा ओढून घेतला. सकाळी वरून हाक आली, "चहा इथंच दे रे, उतरणं जमत नाही."