आहे तशी गाडी: आमची वाटचाल

दादा आणि मी दोघांनी मिळून सुरुवात केली ती रोजच्या वापरातल्या गाड्यांच्या दुरुस्तीने. ब्रेक, क्लच, सर्व्हिसिंग. जुन्या स्पोर्ट्स गाड्या नंतर एकेक करून ओळखीतून येत गेल्या. घरातल्या कुणीतरी हौसेने घेतलेली गाडी, मग बरीच वर्षं शेडमध्ये ताडपत्रीखाली, आणि तो माणूस गेल्यावर हिचं करायचं काय, हे घरच्यांना न सुचलेलं. आज आमचं निम्म्याहून जास्त काम याच गाड्यांचं आहे. आम्ही त्या नव्या करून विकत नाही, आहेत तशा, रिस्टोरेशनसाठी, म्हणजे घेणाऱ्याने पुन्हा मूळ रूपात आणण्यासाठी म्हणून विकतो. हे शहाणपण आम्हाला एका चुकीतून आलं.

आमच्याकडे आलेली पहिली अशी गाडी म्हणजे एक एमजीबी रोडस्टर, ब्रिटिश बनावटीची बिनछपराची स्पोर्ट्स गाडी. एमजीबी १९६२ ते १९८० या काळात बनली, एकूण पाच लाखांहून जास्त, त्यामुळे तिचे सुटे भाग आजही मिळतात. काम सोपं वाटलं. इंजिन चालू केलं, दिसला तेवढा गंज घासला, भोकांवर पत्र्याचे तुकडे लावून लांबी (पुट्टी) भरली आणि लाल रंग मारला. घेणाऱ्याला सांगितलं, बॉडी चांगली आहे. ते आम्हाला खरंच वाटत होतं.

चार महिन्यांत त्यांचा फोन आला: डावीकडचं दार नीट लागत नाही.

एमजीबीच्या आधीचं मॉडेल एमजीए, त्याला बॉडीखाली वेगळी चासी, म्हणजे सांगाडा होता, एमजीबीला तो नाही. बॉडी हीच तिची चासी. त्यात रोडस्टरला छप्पर नाही, म्हणजे गाडीचा मधला भार पेलायचा तो मुख्यतः दोन्ही दारांखालून जाणाऱ्या सिलनी. हे सिल एका पत्र्याचे नसतात. आत पत्र्याचे थर असतात आणि गंज आतून सुरू होतो. सिल कुजले की गाडी मधोमध खचते आणि दाराची फट वरच्या बाजूला मिटत जाते. आम्ही वरून रंग मारून नेमकी तीच जागा झाकून टाकली होती. गाडी परत आणली, पैसे परत केले. सिल कापल्यावर आतून गंजाचे पापुद्रे मूठ मूठ निघाले. त्या दिवशी दादा म्हणाला, "यापुढे गाडीला विकण्यासाठी रंग लावायचा नाही." तो नियम आजवर मोडलेला नाही.

आता गाडी आली की पहिले काही दिवस आम्ही फक्त बघतो. किल्ली फिरवून बघायचा मोह घरच्यांना असतो, आम्ही हात जोडून नको म्हणतो. वर्षानुवर्षं उभ्या इंजिनाला स्टार्टरने झटका दिला तर गंजाने धरलेल्या पिस्टनच्या रिंगा तुटू शकतात, सिलिंडरला चरे पडतात. आम्ही स्पार्क प्लग काढतो, सिलिंडरमध्ये पातळ तेल सोडतो, दोनचार दिवस थांबतो आणि मग क्रँकच्या नटाला पाना लावून हाताने हलतंय का बघतो. हललं तर गाडीच्या माहितीत तसं लिहितो. नाही हललं तर "इंजिन जाम आहे" असं लिहितो. टाकीतलं पेट्रोल उडून राळेसारखा थर बसलेला असतो. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं, त्यामुळे ब्रेकचे सिलिंडर आतून गंजून अडकलेले असतात. क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटलेली असते. या गोष्टींनी कुणी घाबरू नये, त्या सुटतात. पत्र्याचं मात्र तसं नाही, म्हणून आमचा बहुतेक वेळ पत्र्यात जातो.

लोहचुंबक पातळ कापडात गुंडाळून बॉडीवरून फिरवतो. जिथे पकड सुटते तिथे खाली लांबी आहे. मॅट उचलतो, सीटमागचं झाकण काढतो. १९७४पर्यंतच्या एमजीबीत सीटमागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असायच्या आणि त्यांचे कप्पे अॅसिडने खाल्लेले नसले तर मला आश्चर्य वाटतं. १९६७पर्यंतच्या गाड्यांत तर पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असायचं; हे माहीत नसलेल्या कुणीतरी मधल्या काळात बॅटरी उलटी लावली असेल, तर त्याच्या खुणा वायरिंगमध्ये सापडतात. मग एका बाजूने जॅक लावतो आणि दार उघडून बघतो. सिल धड असतील तर गाडी उचललेली असतानाही दार सहज उघडतं-मिटतं. मला विचाराल तर एकच परीक्षा करायची असेल तर हीच करावी.

जिथे पत्रा गेलाय तिथे खडूने गोल करून फोटो काढतो. चासी नंबर, इंजिन नंबर कागदांशी ताडून बघतो. ब्रिटिश मोटर म्युझियमकडून अशा गाड्यांच्या मूळ नोंदींचा दाखला मिळतो, त्यात गाडी बनल्याची तारीख आणि मूळ रंग असतो. घेणाऱ्याला त्याचा फार उपयोग होतो.

दुसरी चूक आम्ही एका कूपेच्या, म्हणजे पक्क्या छपराच्या दोन दारी गाडीच्या बाबतीत केली. स्वतःच रिस्टोअर करू म्हणून ती पूर्ण खोलली आणि मग रोजच्या कामामुळे तीन वर्षं हात लागला नाही. डबे हलवले गेले, काचेच्या कडेच्या दोन क्रोम पट्ट्या हरवल्या. शेवटी ती खूप कमी किमतीत गेली. गंजलेली पण पूर्ण गाडी ही खोललेल्या, अर्धवट गाडीपेक्षा नेहमीच बरी. बोल्ट मिळतो, पण कमी बनलेल्या मॉडेलची ती एक पट्टी जगभर शोधावी लागते. त्यामुळे आता आम्ही तपासणीपुरतंच खोलतो आणि काढलेला प्रत्येक तुकडा चिठ्ठी लावून त्याच गाडीत ठेवतो.

लोक विचारतात, मग पूर्ण करूनच का विकत नाही? कारण मजुरीचे तास मोजले तर बहुतेक गाड्यांचा खर्च तयार गाडीच्या किमतीच्या वर जातो. स्वतःच्या हाताने, सुट्टीच्या दिवशी काम करणारा माणूस हे तास मोजत नाही. या गाड्या त्याच्यासाठीच आहेत. म्हणून घेणाऱ्याला मी तीन प्रश्न विचारतो: कोरडी जागा आहे का, वेल्डिंग कोण करणार, आणि किती वर्षांचा धीर आहे. पुढच्या उन्हाळ्यात फिरायला हवी असं म्हणणाऱ्यांना मी चालती गाडी घ्या असं सांगतो. त्यात आमची विक्री बुडते, पण गाडी आणखी एका शेडमध्ये ताडपत्रीखाली जाण्यापासून वाचते.

एमजीबीचं नवं बॉडी शेल, म्हणजे पत्र्याची अख्खी नवी बॉडी, १९८८पासून मिळतं. ते मोठं वरदान आहे. पण जुन्या गाडीची चासी नंबरची पट्टी नव्या शेलवर लावून गाडी मूळची म्हणून विकणं आम्हाला मान्य नाही. शेल बदललं असेल तर ते गाडीच्या माहितीच्या पहिल्या ओळीत लिहायचं.

ती पहिली लाल रोडस्टर आम्ही पुन्हा विकली. या वेळी सिलवरचा रंग काढून, कुजलेलं सगळं उघडं ठेवून. एका शिक्षिकेने घेतली. त्यांनी दाराच्या चौकटीत आडव्या पट्ट्या वेल्ड करून घेतल्या, म्हणजे जुने सिल कापताना बॉडी हलू नये, आणि मग एकेक बाजू बदलली. अधूनमधून त्यांचा फोन यायचा, मापं विचारायला. दोन वर्षांनी एका सकाळी त्या ती गाडी चालवत वर्कशॉपमध्ये घेऊन आल्या. उतरल्या आणि दादाला म्हणाल्या, "जॅक लावा."

दादाने मागचं चाक उचललं. त्यांनी डावं दार उघडलं आणि एका बोटाने ढकलून मिटलं.