फोर्ली, कासिनो, मोंतोने: इटलीत मराठा पलटणीची नावं शोधायला जाणाऱ्यांसाठी

फोर्लीत टॅक्सीवाल्याला नुसतं ‘वॉर सिमेट्री’ सांगितलं की तो तुम्हाला वेक्कियात्झानोला नेऊन सोडतो. तिथे सातशेच्या वर थडगी आहेत, बहुतेक ब्रिटिशांची. दुसऱ्या महायुद्धात इटलीत पडलेल्या ज्या मराठा जवानांसाठी आपण एवढ्या लांब आलो, ते तिथे नाहीतच. भारतीय सैनिकांची जागा शहराच्या दुसऱ्या टोकाला, राव्हेन्नाकडे जाणाऱ्या व्हिया राव्हेन्याना रस्त्यावर आहे आणि स्टेशनपासून फार लांबही नाही. आम्हाला ज्याने चुकीच्या ठिकाणी नेलं, त्याने थांबण्याचे पैसे घेतले, परतीचे घेतले, आणि ‘तुम्हीच सांगितलंत’ म्हणून वर आवाजही चढवला. सकाळ तिथेच गेली.

म्हणून निघण्याआधी कागदावर मोठ्या अक्षरात ‘चिमितेरो दी ग्वेर्रा इंदियानो, व्हिया राव्हेन्याना’ असं इटालियनमध्ये, रोमन लिपीत लिहून घ्या आणि चालकाच्या हातात द्या. नकाशावरची खूण दाखवा आणि त्याने मान डोलावल्याशिवाय दार लावू नका. फोन करून टॅक्सी बोलावली, तर पुष्कळ शहरांत मीटर तुमच्या दारापासून नाही, टॅक्सी निघाल्यापासून पडतो. तो गैरप्रकार नाही, पद्धतच आहे. सामान, रविवार, रात्र यांचे पैसे वेगळे. पण स्टेशनच्या दारात येऊन ‘सगळी स्मारकं दाखवतो, एकच रक्कम’ म्हणणाऱ्याच्या गाडीत बसू नका. त्याला आपली स्मारकं माहीत नसतात. पाय धड असतील तर फोर्लीत चालतच जा.

दुसरा घोटाळा याहून मोठा, आणि तो घरून निघण्याआधीच टाळता येतो. आपली माणसं बहुतेक थडग्यांत नाहीत. हिंदू आणि शीख जवानांना त्यांच्या धर्माप्रमाणे अग्नी दिला गेला आणि त्यांची नावं दहन-स्मारकांवर कोरली. फोर्लीच्या भारतीय दफनभूमीत ४९६ थडगी आहेत, आणि तिथल्याच दहन-स्मारकावर ७६९ नावं. पूर्व किनाऱ्यावर सांग्रो नदीच्या दफनभूमीत २,६१७ थडगी, आणि दहन-स्मारकावर ५१७ नावं. थडग्यांच्या रांगांतून उन्हात तासभर फिरून ‘मराठी नावं कुठेच नाहीत’ म्हणत परतलेले लोक भेटतात. त्यांनी भिंत वाचलेलीच नसते. आधी स्मारक गाठा, रांगा नंतर.

तिसरं ठिकाण कासिनो. ज्यांचा देह सापडला नाही किंवा ज्यांच्या थडग्याचा ठावठिकाणा नाही, अशा चार हजारांवर जवानांची नावं कासिनो मेमोरियलवर आहेत. नाईक यशवंत घाडगे, व्हिक्टोरिया क्रॉस, ३/५ मराठा लाइट इन्फंट्री (म्हणजे ५व्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन), यांचं नाव तिथे आहे. इथेही फोर्लीसारखाच सापळा. कासिनोत लढाईच्या तीन दफनभूमी आहेत: डोंगरावर मठाजवळ पोलिश, कैराला जर्मन, आणि खाली सपाटीवर व्हिया सांत आंजेलोवर राष्ट्रकुलाची. आपली ती खालची. टॅक्सीवाला आपण परदेशी दिसलो की वर मठाकडे वळवतो, कारण बहुतेक प्रवाशांना तिकडेच जायचं असतं. राष्ट्रकुलाची जागा स्टेशनपासून साधारण एक किलोमीटरवर आहे; त्यासाठी वळणावळणाचा घाट चढायची काहीच गरज नाही. रोमहून साध्या लोकल गाडीने सकाळी निघालं की दुपारी परत येता येतं. कागदी तिकीट असेल तर गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात ठसा मारून घ्या. विसरलात तर दंड भरावाच लागतो, ‘माहीत नव्हतं’ चालत नाही.

नाव शोधायचं काम घरी करा, तिथे नाही. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर पलटणीचं नाव जुन्या स्पेलिंगने टाकावं लागतं: ‘5th Mahratta Light Infantry’, म्हणजे ‘एच’ ‘आर’च्या आधी आणि ‘टी’ दोन. आजच्या स्पेलिंगने शोधलंत तर हाती काही लागत नाही. आडनावावर भिस्त ठेवू नका. कारकुनाने कानाला आलं तसं लिहिलंय. घाडगेचं घाटगे होतं, जाधवचं जाधाव, कुठे नावच आडनावाच्या रकान्यात बसलंय. म्हणून आडनाव रिकामं ठेवा, देश इटली, पलटण, आणि सन १९४३ ते १९४५ एवढंच टाका. जी यादी येईल ती पूर्ण उतरवून घ्या आणि मग ‘अधिक माहिती’चा रकाना वाचा. त्यात पुष्कळदा वडिलांचं नाव, गाव आणि जिल्हा असतो.

जिल्हा मात्र त्या काळचा. रायगड शोधू नका, कुलाबा शोधा. सिंधुदुर्ग हा जिल्हा १९८१ चा, म्हणून मालवण-देवगडकडचा जवान रत्नागिरीत सापडेल, सावंतवाडी-कुडाळकडचा सावंतवाडी संस्थानात. सांगलीकडची बरीच गावं साताऱ्याखाली, कोल्हापूर तर वेगळं संस्थानच. गावकीच्या यादीशी हे ताडून पाहायचं असेल तर सोबत एखादा जुना जिल्हा-नकाशा असू द्या.

नाव सापडलं की फलक क्रमांक टिपून घ्या. दफनभूमीच्या दारापाशी भिंतीत धातूचं छोटं कपाट असतं, त्यात नोंदवही. कधी ती जागेवर नसते, म्हणून आपली यादी छापून न्याच. शेजारी अभिप्रायाची वही असते. त्यात देवनागरीत जवानाचं नाव आणि गाव लिहा. पुढे येणाऱ्याला त्यातून धागा मिळतो. दगडावर कुंकू, हळद, तेल लावू नका, नारळ फोडू नका, अक्षरांत खडू भरू नका. डाग जात नाहीत आणि तो दगड एकाच घरचा नाही. फुलं ठेवा, उदबत्ती लावायची तर जमिनीवर, आणि राख उचलून न्या. कासिनोचे हिरवे संगमरवरी फलक चकाकतात आणि समोरून काढलेल्या फोटोत आपलंच प्रतिबिंब येतं. सकाळी किंवा उतरत्या उन्हात तिरकं उभं राहून काढा: आधी अख्खा फलक, मग नावाच्या वरखालच्या चार ओळी, मग नाव. घरच्यांना तिन्ही पाठवा, नाहीतर ‘हे खरंच आमचेच का’ हा प्रश्न येतोच. दफनभूमीत स्वच्छतागृह नसतं, पाणी सोबत न्या.

सांग्रोला गाडी लागते. ए १४ महामार्गावरून व्हाल दी सांग्रोला उतरलं की सोपं आहे, आणखी सांगण्यासारखं काही नाही.

मोंतोने मात्र त्रासाचं. उंब्रियातल्या या डोंगरी गावात २०२३ च्या जुलैमध्ये घाडगेंच्या नावाने छायाघड्याळाच्या रूपातलं स्मारक उभं राहिलं, ‘आपण सारे एकाच सूर्याखाली’ अशा अर्थाच्या लॅटिन वाक्यासह. १० जुलै १९४४ रोजी याच वरच्या तिबेर खोऱ्यात त्यांच्या तुकडीतला जवळजवळ प्रत्येक जण पडला. घाडगे एकटेच मशीनगनच्या मोर्चावर धावले. ग्रेनेडने गन गप्प केली, एकाला टॉमीगनने टिपलं, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता तेव्हा बंदुकीच्या दस्त्याने उरलेल्या दोघांना. मग स्नायपरच्या गोळ्या छातीत आणि पाठीत. वय बावीस. ही जागा पाहायलाच हवी, पण तिथे पोहोचायचं तर पेरूजाहून उंबेर्तीदेपर्यंत छोटी रेल्वे (कधी तिच्याऐवजी बस असते), आणि पुढे डोंगर. रविवारी बसच्या भरवशावर राहू नका. तिकिटं बसमध्ये मिळतीलच असं नाही, ‘टी’ची पाटी असलेल्या तंबाखूच्या दुकानातून परतीचंही आधीच घ्या, कारण दुपारी दुकानं बंद असतात. तिघे-चौघे असाल तर पेरूजाहून गाडी भाड्याने घेणं हाच शहाणपणा.

एकच दिवस असेल तर कासिनो. दोन असतील तर दुसरा फोर्लीला द्या, मोंतोनेला नाही. तिथे एक नाव आहे, फोर्लीच्या भिंतीवर शेकडो, आणि त्यांच्यासाठी फारसं कोणी येत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये जाऊ नका. एप्रिलमध्ये जा. ९ एप्रिल १९४५ ला सेनियो नदीच्या बांधावर जंगी पलटणीच्या (मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन) शिपाई नामदेव जाधवांनी जखमींना पाण्यातून पाठीवर आणलं, मग परत जाऊन मशीनगनचे मोर्चे बंद पाडले आणि बांधावर उभं राहून गर्जना दिली. तो बांध फोर्लीच्या उत्तरेला आहे. फोर्लीला मुक्काम ठेवलात तर दुसऱ्या दिवशी लूगोकडे जाऊन नदीकाठाने चालता येतं, बूट चिखलाचे हवेत.