लेदरचा सोफा, चपलेवाले काका आणि आत्यांची वाकळ

झालं असं की दोन वर्षांपूर्वी गणपतीला आमचे भावोजी पांढराशुभ्र लेंगा-झब्बा घालून आले, आरतीच्या आधी तासभर सोफ्यावर बसले आणि आरतीला उठून उभे राहिले तर पाठीवर सगळे काळे काळे पापुद्रे चिकटलेले. कुणी काही बोलेना. शेवटी धाकट्या पुतण्यानंच सांगून टाकलं, "काका, तुमच्या पाठीवर मुंग्या चढायलाहेत."

सोफा फक्त चार वर्षांचा. घेताना दुकानदार "लेदर री मेडम, लेदर" म्हणाला होता. बिल शोधून काढलं तर त्यावर लिहिलेलं 'लेदर फिनिश'. म्हणजे रेक्झिनच की. कापडाच्या वर पीयूची, म्हणजे एका प्लॅस्टिकची साय. आपल्या बेळगावात जूनपासून चार महिने कपाटातल्या साड्यांनासुद्धा वास मारतो, तिथं ही साय काय टिकणार, दमट हवा आणि आपला घाम बसला की ती आतूनच कुजते आणि मग टवके उडायला लागतात. एकदा सुरू झालं की थांबत नाही, मी ते दुरुस्तीचं लिक्विड वगैरे लावून बघितलं, पैसे गेले.

तर ठरवलं, आता घ्यायचा तर खरा घ्यायचा. पण खरा म्हणजे काय हे मला कुठं कळत होतं?

ते शिकवलं चपलेवाल्या काकांनी. मूळचे अथणीकडचे, बाजारात छोटंसं दुकान आहे, माझ्या कोल्हापुरीचा अंगठा तुटला होता तो शिवायला गेले आणि पर्समध्ये सोफ्याचा एक टवका होता तो दाखवला. (कोल्हापुरीला 2019 ला जीआय, म्हणजे 'ही वस्तू ह्याच भागातली' अशी सरकारी नोंद, मिळाला तो महाराष्ट्राच्या चार आणि कर्नाटकाच्या चार जिल्ह्यांना मिळून, त्यात आपलं बेळगाव आहे, हे पुण्याच्या मावशीला अजून पटत नाही. तिला वाटतं आम्ही इकडं नुसता कुंदा खातो.) काकांनी टवका नखानं उलटा केला आणि म्हणाले, "बाई, ह्ये कातडं न्हवं, कापडावर रंग हाय." मग त्यांनी खाली पडलेला एक तुकडा उचलला, रापीनं कड कापली आणि माझ्या डोळ्यासमोर धरली. वरचा भाग एकदम घट्ट, बारीक, आणि खाली खाली जाईल तसा मऊ, तंतू सुटे झालेले. "वरची कातडी जाते ती पहिल्या नंबरची. खालची चिरून काढत्यात, तिच्यावर प्लॅस्टिकचा थर चढवत्यात, आणि ती बी लेदर म्हणूनच इकत्यात."

नंतर मी वाचलं तेव्हा कळलं की शोरूमवाले जे इंग्रजी शब्द फेकतात ते हेच आहे. फुल ग्रेन म्हणजे वरची कातडी जशीच्या तशी, तिच्यावर गोचिडाचे, काट्याचे ओरखडे दिसतात. टॉप ग्रेन म्हणजे तीच, पण घासून गुळगुळीत केलेली. स्प्लिट म्हणजे खालची चिरलेली. आणि बॉन्डेड म्हणजे कातड्याचा भुगा गोंदानं चिकटवलेला, तो तर रेक्झिनचा सख्खा भाऊ, तसेच टवके निघतात. गंमत म्हणजे 'जेन्युइन लेदर' ही पाटी स्प्लिटवरसुद्धा लावतात, आणि ती खोटी पण म्हणता येत नाही!

काका अजून एक गोष्ट म्हणाले ती महत्त्वाची. चपलेचं कातडं बाभळीची साल आणि हिरड्यात मुरवलेलं, ते वेगळं, सोफ्याचं बहुतेक क्रोमचं, म्हणजे क्रोमियमच्या क्षारात कमावलेलं असतं, मऊ. त्यामुळं कड तपकिरी दिसली नाही, निळसर करडी दिसली, म्हणून खोटं समजायचं नाही. हे माहीत नसतं तर मी हुबळीत एका चांगल्या सोफ्याला नाक मुरडून आले असते.

बेळगावात दोन-तीन ठिकाणी बघितलं, मग कोल्हापूर, मग हुबळी. हे गाडी चालवून वैतागले. पण मी प्रत्येक ठिकाणी एकच करायचे, उशीची खालची चेन उघडायची. सेल्समनची तोंडं बघण्यासारखी व्हायची. आत उलट्या बाजूला साबरासारखी लव असली तर कातडं, विणलेलं कापड दिसलं तर नमस्कार करून बाहेर. मग वरून अंगठा दाबायचा, खऱ्या कातड्याला अंगठ्याभोवती बारीक सुरकुत्या पडतात, रेक्झिन नुसतं खड्डा होऊन वर येतं. वासावर मात्र जाऊ नका, वासाचे स्प्रे मिळतात.

आणि मागून बघायचं! हे मला कुणी सांगितलं नव्हतं, एका शोरूममध्ये माझी पिन सोफ्याच्या मागं पडली म्हणून वाकले तर मागची बाजू वेगळीच लागली हाताला. विचारलं तर म्हणतो, "लेदर मॅच आहे मेडम." म्हणजे बसायची जागा, पाठ आणि हात टेकतो तेवढंच लेदर, बाजू आणि मागं त्याच रंगाचं रेक्झिन. तसं घ्यायला काही वाईट नाही, भिंतीला लावून ठेवणार असाल तर पैसे वाचतात, पण पूर्ण लेदरचा भाव लावून ते विकू नये ना! मी तेव्हापासून बिलावर 'संपूर्ण टॉप ग्रेन' लिहून देता का म्हणून विचारायला लागले, आणि त्या एका वाक्यावर निम्मी दुकानं गळाली.

आता तेलाचं. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्या, रोज खोबरेल लावतात. अनिलीन म्हणून जे कातडं असतं, नुसता रंग मुरवलेलं, वर थर नसलेलं, ते हाताला लोण्यासारखं लागतं, मी तर प्रेमात पडले होते. पण ते तेल पितं, डोकं टेकायच्या जागी कायमचा डाग. म्हणून सेमी-अनिलीन घेतलं, वर पातळ थर असतो. रंग तपकिरी.

फ्रेम सागवानाची, आणि सीटला चाळीस डेन्सिटीचा फोम. बत्तीसचा स्वस्त पडतो पण रोज बसून लवकर दबतो असं दोघातिघांनी सांगितलं. फोमपेक्षा मी सीटच्या खोलीवर जास्त भांडले. आत्या चार फूट दहा इंच, त्या बसल्या की पाय लोंबकळायचे, शोरूममधले सगळे सोफे जणू सहा फुटी माणसांसाठीच केलेले. शेवटी हुबळीच्या एका कारखान्यात दोन इंच कमी करून बनवून घेतला. तीन सीटरचे एक लाख अडतीस हजार. हे आकडा ऐकून जिन्यातच थांबले होते.

खरा विरोध मात्र आत्यांचा होता. माळकरी बाई, हॉलमध्ये देवघर, "त्या कातड्यावर मी बसणार नाही" म्हणून सांगितलं. यांनी विचारलं, "आणि भजनाचा मृदंग कशाचा असतो गं?" तर म्हणे, "तो वाजवायला असतो, बसायला नव्हे." ह्याला काय उत्तर आहे सांगा!

सोफा आला तो गल्लीच्या तोंडापर्यंत, टेम्पो आत येईना. चौघांनी उचलून आणला, दारातून आडवा जाईना, तिरका करून, पाय काढून, शेवटी सोफ्याच्या एका हाताला चौकट घासलीच. तो ओरखडा अजून आहे. मी तो पाहुण्यांना गोचिडाचा म्हणून दाखवते.

पावसाळ्यात सोफा भिंतीपासून वीतभर पुढं ओढून ठेवते, मागं हवा खेळायला पाहिजे नाहीतर पांढरी बुरशी धरते. आठवड्यातून एकदा कोरडं फडकं, आणि सहा महिन्यांनी लेदरचं कंडिशनर. बुटाचं पॉलिश नाही आणि खोबरेल तर अजिबात नाही. प्लॅस्टिकचं कव्हर पण घालू नका, घाम धरतं.

आत्या महिनाभर खुर्चीवरच बसल्या. मग एक दिवस मी बाजारातून आले तर सोफ्याच्या खिडकीकडच्या सीटवर त्यांची जुनी वाकळ, चारपदरी करून, आणि वर त्या, मांडी घालून, टीव्ही लावून. वाकळ आहे ना मध्ये, मग चालतं. एक लाख अडतीस हजाराच्या टॉप ग्रेनवर नऊवारीच्या धडप्यांची वाकळ, आणि सगळे पाहुणे पहिल्यांदा वाकळीचंच कौतुक करतात.

परवा दिवाळीच्या आवराआवरीत वाकळ धुवायला काढली. खिडकीतून दुपारचं ऊन येतं त्यानं बाकीची सीट दोन वर्षांत जरा फिकी पडली आहे, आणि वाकळीखालचा चौकोन मात्र हुबळीत बघितला होता तसाच्या तसा तपकिरी. आत्यांनी चष्मा लावून वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "बघ, मी बसले तेवढाच चांगला राहिलाय."

वाकळ वाळायला दोन दिवस लागले. तोवर आत्या खुर्चीवर.