एसटीच्या वर्कशॉपमधली शिकाऊ उमेदवारी: माझा अनुभव

मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा आयटीआय झाला की आमच्या सातारा जिल्ह्यातली बरीच पोरं हायवेवरच्या कार शोरूमचं सर्व्हिस सेंटर धरतात. मी एसटीच्या विभागीय कार्यशाळेत शिकाऊ उमेदवार म्हणून लागलो. जड वाहनांचं काम मनापासून शिकायचं असेल त्यानं हेच करावं, असं माझं ठाम मत आहे.

कागदपत्रांचं फार अवघड नाही. शिकाऊ उमेदवारीच्या सरकारी पोर्टलवर नोंदणी करायची, जाहिरात निघाली की अर्ज भरायचा, यादीत नाव आलं की करार होतो. आधार, आयटीआयची मार्कशीट आणि बँक पासबुक या तिन्हींवर नाव अक्षर न् अक्षर सारखं आहे का, ते मात्र आधीच बघून घ्या. विद्यावेतन म्हणाल, तर २०१९ च्या सुधारित नियमांत आयटीआय झालेल्यांसाठी दरमहा किमान ७००० रुपये ठरले होते. खोलीभाडं आणि मेस यातच ते संपतं, घरच्यांना तशी कल्पना देऊन ठेवा. १९६१ च्या कायद्यानं आपण प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नाही. करार संपला की कायम नोकरी मिळेलच असं धरून चालू नका.

आता खरं काम. मला सगळ्यात जास्त शिकवलं ते ब्रेकनं. सातारा विभागाच्या गाड्या पसरणी घाट चढून महाबळेश्वरला जातात, कुंभार्ली उतरून चिपळूणला जातात. उतारावर ब्रेक सारखा लागला की ड्रम, म्हणजे चाकाबरोबर फिरणारं लोखंडी भांडं, तापतो आणि त्याला आतून घासणाऱ्या अस्तराची, म्हणजे लायनरची, पकड कमी होते. चाक उतरवल्यावर ड्रमच्या आतल्या बाजूला निळसर डाग आणि बारीक तडे दिसतात, लायनर काचेसारखा गुळगुळीत झालेला असतो. मेस्त्री आधी तिथं बोट फिरवायला लावायचे, मग विचारायचे, "काय सांगतोय ड्रम?" पुस्तकात ब्रेक फेड असं दोन शब्दांत लिहिलेलं असतं, ते मला त्या ड्रमवर समजलं.

एअर ब्रेकची रचनाही तिथंच डोक्यात पक्की बसली. पायाचा ब्रेक हवेच्या दाबानं लागतो. हवा चेंबरमधला दांडा ढकलते, दांड्याला जोडलेला स्लॅक ॲडजस्टर नावाचा हात कॅम फिरवतो आणि लायनर बसवलेले शू कॅमनं फाकून ड्रमला चिकटतात. हँडब्रेकचं बरोबर उलटं. तिथं हवा स्प्रिंगला दाबून धरते आणि हवा गेली की स्प्रिंगच ब्रेक लावते. म्हणून टाकीतली हवा उतरली की गाडी जागची हलत नाही. त्या चेंबरमधली स्प्रिंग इतकी ताकदीची असते की ती बोल्टनं आवळून बांधल्याशिवाय चेंबर खोलणं म्हणजे जिवाशी खेळ. "आधी ठोकळे लाव, मग स्प्रिंग बांध, मगच पान्हा उचल," हे मेस्त्री रोज सांगायचे. रोज ऐकूनही मला त्याचा कधी कंटाळा आला नाही. त्या गाडीत पन्नासेक माणसं बसणार असतात.

एक गोष्ट कळकळीनं सांगतो. सेक्शन बदलून मागा. एखादं पोरगं ग्रीसिंगला चांगलं लागलं की त्याला तिथंच ठेवायची पद्धत पडते, आणि वर्ष त्यातच जातं. मी दर थोड्या दिवसांनी विचारायचो, म्हणून इंजिन, क्लच-गिअरबॉक्स, पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या), इलेक्ट्रिक असं सगळं हाताखालून गेलं. बीएस-६, म्हणजे धुराच्या नव्या कडक नियमांच्या, गाड्या आल्यापासून तर इलेक्ट्रिकवाल्यांच्या मागं लागायलाच हवं. त्या गाड्यांत धुरावर प्रक्रिया करायला युरियाचं द्रावण लागतं आणि बिघाड स्कॅनर जोडून शोधावा लागतो. नुसत्या कानानं भागत नाही.

रोजची डायरीही मनापासून लिहा. शेवटी अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा असते. मी केलेल्या कामांची मापं, गॅप, नट आवळायचा क्रम असं सगळं आकृतीसह लिहून ठेवलं होतं. परीक्षेच्या आधी वेगळं पुस्तक उघडावं लागलं नाही.

प्रमाणपत्र हातात आलंय. सध्या कराडला एका ट्रक गॅरेजमध्ये ब्रेकचंच काम बघतो. एसटीची सहाय्यक पदाची भरती निघाली की अर्ज करणार आहे.