हातानं चालते, रात्री चालत नाही

मे महिन्यातली भर दुपार. नागपूरच्या इतवारीतल्या एका धान्याच्या पेढीवरून मुनीमजींचा फोन आला. "दादा, पोट्ट्यानं हिशेबाच्या टॅलीतून एका पार्टीची एप्रिलची सगळी एंट्री उडवली. कालचं बॅकअप टाकून द्या ना."

मी निवांत होतो. पेढीचा डेटा रोज रात्री ११ वाजता वरच्या खोलीतल्या नॅसवर, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या डिस्कच्या डब्यावर जातो, ती सोय मीच लावलेली. डोक्याला दुपट्टा बांधून निघालो. नॅसवरचं फोल्डर उघडलं, तर सगळ्यात नवी फाइल १४ फेब्रुवारीची.

"कूलर वाढवू का?" मुनीमजींनी विचारलं.

ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारा विंडोजचा टास्क शेड्युलर पाहिला. काल रात्री ११ वाजता काम झालं, निकाल शून्य, म्हणजे सगळं ठीक. परवाही शून्य, त्याच्या आदल्या रात्रीही शून्य. फेब्रुवारीची कॉपी आधी वेगळी काढून ठेवली आणि बॅकअपच्या आज्ञा लिहिलेल्या बॅच फाइलवर डबल क्लिक केलं. काळी खिडकी उघडली, फाइली भराभरा गेल्या. "म्हणजे हातानं चालते, रात्री चालत नाही," मुनीमजी म्हणाले. दुखणं त्यांनी एका वाक्यात सांगितलं होतं, पण मी ऐकलं नाही. रात्री नॅस झोपत असेल, केबल ढिली असेल, या नादात तासभर गेला. केबल बदलली, स्विचचं पोर्टही बदललं.

शेवटी फाइली कॉपी करणाऱ्या रोबोकॉपी या आज्ञेचा लॉग, म्हणजे कामाची नोंद, लोकल डिस्कवर लिहायला लावला आणि तेच काम शेड्युलरमधूनच चालवलं. लॉगमध्ये आलं: एरर ३, झेड ड्राइव्हचा पाथ सापडत नाही. झेड म्हणजे नॅसच्या फोल्डरला विंडोजमध्ये दिलेलं अक्षर, मॅप केलेला ड्राइव्ह. आणि तोच झेड ड्राइव्ह शेजारच्या खिडकीत माझ्यासमोर उघडा होता!

तेव्हा आठवलं. रात्री उशिरापर्यंत बसलं की ती काळी खिडकी मधेच येते, अशी मुनीमजींची तक्रार होती. मी रिमोटवरूनच 'युजर लॉगऑन असो वा नसो, चालव' हा पर्याय निवडला होता. खिडकी गेली, मुनीमजी खूश. पण या पर्यायानं काम वेगळ्या सेशनमध्ये चालतं, आणि मॅप केलेला ड्राइव्ह ज्या लॉगऑनमध्ये जोडला त्यालाच दिसतो. त्या रात्रीपासून बॅकअपसाठी झेड नावाचं काही उरलंच नव्हतं.

मग शून्य कुठून येत होतं? बॅच फाइलच्या तळाशी माझीच ओळ होती: एक्झिट ०. रोबोकॉपी फाइली नीट कॉपी झाल्या तरी १ परत करते, शेड्युलरला ते बिघाडासारखं दिसतं, आणि मुनीमजी रोज सकाळी फोन करायचे, "आज एक आला जी." ते फोन थांबावेत म्हणून मी सरसकट शून्य लिहून मोकळा झालो होतो. ड्राइव्हच नसल्यावर रोबोकॉपी १६ ओरडत होती. तिचं तोंड मीच बांधलेलं.

दुरुस्ती वीस मिनिटांची. झेडच्या जागी दोन उलट्या तिरक्या रेघा देऊन नॅसचा आयपी आणि फोल्डरचं नाव टाकलं. विंडोजचा युजर आणि पासवर्ड होता, तोच नॅसवर बनवला. शेड्युलरमध्ये पासवर्ड साठवू दिला, नाहीतर कामाला नेटवर्कवर जाताच येत नाही. आणि शेवटची ओळ: रोबोकॉपीचा निकाल ८ किंवा वर, म्हणजे बिघाड, असेल तर १, नाहीतर ०. पुन्हा शेड्युलरमधूनच चालवलं, फाइली गेल्या. मग खात्री म्हणून नॅसचा पत्ता मुद्दाम चुकवला आणि १ येतो का तेही पाहिलं. आला.

एप्रिलची एंट्री मात्र कुठूनच येणार नव्हती. मुनीमजींनी बिलांची फाइल काढली. "वाचा तुम्ही, मी टाकतो," म्हणाले. रात्री ९ पर्यंत मी तूरडाळ, चणाडाळ, पोती, भाव वाचत बसलो.

त्या दिवसाचे पैसे घेतले नाहीत. नव्या केबलचेही नाही. तिची गरजच नव्हती.