ट्रॅक्टरवरचं लपण

भिगवणकडे जाणाऱ्या गाड्या उजनी धरणाच्या पाणफुगवट्यावरचे रोहित पक्षी (फ्लेमिंगो) गाठायला धावत होत्या. मी मात्र इंदापूर तालुक्यातल्या एका नांगरटीच्या रानात उभा होतो. एका शेतीविषयक कॅलेंडरसाठी शेतात रोज दिसणारे पक्षी हवे होते. गायबगळा, कोतवाल, साळुंकी, धोबी. ज्यांच्यासाठी कुणी पेट्रोल जाळत नाही असे.

काम सोपं वाटतं, पण नाही. रोहित चिखलात तास न् तास चरत राहतो. कोतवाल तारेवरून सुटतो, किडा पकडतो आणि परत तारेवर. कॅमेरा डोळ्याला लावेपर्यंत खेळ खलास.

ऊस तुटून गेला होता, खोडवा (त्याच खोडांतून फुटणारं पुढचं पीक) न ठेवता मालकानं पलटी नांगर घातला होता. उलथलेल्या काळ्या ढेकळांतून हुमणी नि किडे वर येत होते आणि नांगरामागं बगळ्यांची रांग लागली होती. मी पायी जवळ गेलो की सगळी रांग उठून पलीकडे. झाडोऱ्याच्या रंगाचं जाळं पांघरून बांधाला दबून बसलो, तरी तेच. ट्रॅक्टरवाल्यानं थोडा वेळ गंमत पाहिली. मग म्हणाला, "साहेब, ते माणसाला भित्यात, ट्रॅक्टरला न्हाई. या वर."

चालत्या ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसायला मी नकार दिला. मग ठरलं, की तो नांगराच्या तासाच्या, म्हणजे सरळ ओळीच्या, मधेच थांबणार, इंजिन चालू ठेवणार आणि तेवढ्यात मी चढून बसणार. लाल रंग, धूर, वर मोठ्यानं लावलेली गाणी! आणि बगळे चाकापाशी येऊन किडे वेचतायत.

खरी कटकट उजेडाची. कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर समोरचं सगळं मध्यम करडं धरून चालतो. काळं रान भरून दिसलं की तो उजेड वाढवतो आणि बगळा फुटतो, नुसता पांढराफटक, पिसांचा पत्ताच नाही. बगळा सांभाळावा तर शेजारचा कोतवाल म्हणजे शाईचा डाग. मी बगळ्याच्या बाजूनं कौल दिला. एक्स्पोजर, म्हणजे फोटोत येणारा उजेड, दीड स्टॉप (उजेडाचं माप) खाली, फाइल रॉ, म्हणजे नंतर काळोखातलं उजळता येईल अशी कच्ची, शटर १/२००० सेकंद, कारण इंजिनाची थरथर लेन्सपर्यंत पोचत होती. कोतवालाची निळसर झाक मात्र ऊन कलल्यावरच मिळाली, बाजूनं तिरपं पडल्यावर.

तेवढ्यात एका साळुंकीनं किडा उचलला आणि कोतवाल तिच्यावर असा झेपावला, की तिनं तो टाकूनच दिला. याच्या नावातला रुबाब मला तोवर कावळे-घारींना घरट्यापासून पिटाळण्यापुरता ठाऊक होता. वसुलीचं खातं प्रथमच पाहिलं.

कॅलेंडरवाल्यांनी नेमका तोच फोटो घेतला. ट्रॅक्टरवाल्याला व्हॉट्सॲपवर पाठवला तर लगेच फोन, "पाखरं झ्याक हायेत, पण ट्रॅक्टर कुठंय?"

आता पुढच्या वेळी आधी ट्रॅक्टरचा काढायचा, असं कबूल करून बसलोय.